वाचकांचे प्रश्न : दोनशेव्या क्रमांकाचे टेनिस

प्रश्न : महिला टेनिसच्या जागतिक क्रमवारीत दोनशेवी असलेली खेळाडू म्हणजे जगातील उत्तम दोनशे जणींपैकी एक. तरीही अशा खेळाडू पैशाच्या ओढाताणीत असतात असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, आणि त्याचे कारण तिच्या खेळापेक्षा तिला कोणत्या स्पर्धेत प्रवेश मिळतो यात अधिक आहे. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी प्रत्येकीच्या, महिला एकेरीत 128 खेळाडू असतात. त्यांपैकी सुमारे 104 जणींना क्रमवारीवरून थेट प्रवेश मिळतो, आठ जागा वाइल्ड कार्डच्या, म्हणजे आयोजकांनी आपल्या पसंतीने द्यायच्या, असतात आणि उरलेल्या 16 जागा पात्रता फेरीचे तीन सामने जिंकणाऱ्यांच्या. दोनशेवी खेळाडू या तिसऱ्या दाराशी उभी असते. 2024 साली विम्बल्डनच्या मुख्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूला 60 हजार पौंड मिळाले, तर पात्रतेच्या पहिल्या सामन्यात हरलेल्या खेळाडूला 15 हजार. ही दुसरी रक्कमही तिच्या वर्षातील मोठ्या कमाईपैकी एक ठरते; म्हणून साधारण पहिल्या सव्वादोनशेत राहून चारही पात्रता स्पर्धा खेळायला मिळणे, यावर तिचा वर्षाचा हिशेब उभा असतो.

बाकीचे आठवडे बहुतांशी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धांत जातात. त्यांतील सर्वांत खालच्या श्रेणीत एकेरी आणि दुहेरी मिळून 15 हजार डॉलरचीच बक्षिसे वाटली जातात. एकेरीच्या विजेतीला जेमतेम 2,350 डॉलर, आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूला दीडशेच्या आसपास. दोनशेवी खेळाडू सहसा याहून वरच्या श्रेणीत खेळते, पण विमानाची तिकिटे, निवास, रॅकेटचे गटिंग (तारा बसवणे) आणि फिजिओथेरपी हा खर्च हरली तरी चुकत नाही, शिवाय बक्षिसातून अनेक देशांत आधीच कर कापला जातो. 2013 च्या हंगामाविषयी महासंघानेच केलेल्या पाहणीत, महिलांमध्ये साधारण 253 व्या क्रमांकापर्यंतच्या खेळाडूंचा खर्च बक्षिसांतून भागतो असे आढळले होते, आणि त्या खर्चात प्रशिक्षकाचे मानधन धरलेले नव्हते. माझ्या मते त्या पाहणीतील सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे, कारण व्यावसायिक खेळाडू प्रशिक्षकाविना खेळते असे गृहीत धरल्यावरच तो हिशेब जुळतो. प्रत्यक्षात अनेक जणी एकट्या प्रवास करतात किंवा दोघी-तिघी मिळून एक प्रशिक्षक ठेवतात, आणि जर्मनी वा फ्रान्समधील क्लबांच्या सांघिक लीगमध्ये खेळून मिळणाऱ्या पैशावर हंगामाचा काही भाग निभावतात.

प्रश्न : एकही सामना न हरता खेळाडूचे मानांकन एका आठवड्यात तीस-चाळीस स्थानांनी कसे घसरते?

उत्तर : आधी शब्दाचा घोळ सोडवू. वृत्तपत्रे दोन्हींसाठी ‘मानांकन’ लिहितात, परंतु मानांकन म्हणजे एखाद्या स्पर्धेत वरच्या खेळाडूंना दिलेले क्रमांक, आणि ते त्या त्या स्पर्धेपुरते असते. आपण विचारता आहात ती क्रमवारी. तिच्यात मागील 52 आठवड्यांतील गुण धरले जातात, आणि 2024 पासून एकेरीत सर्वोत्तम 18 स्पर्धांचे. गेल्या वर्षी याच आठवड्यात एखादी स्पर्धा जिंकून मिळवलेले 75 गुण यंदा आपोआप गळून पडतात, मग खेळाडू त्या आठवड्यात आजारी असो की विश्रांती घेत असो. दोनशेव्या क्रमांकावरील खेळाडूचे एकूण गुण तीनशे-साडेतीनशेच्या घरात असतात, म्हणजे एका विजेतेपदाचे गुण गेले की पाचवा हिस्सा गेला. आणि तिथे खेळाडूंमधील अंतर इतके कमी असते की तेवढ्यात कित्येक जणी पुढे निघून जातात. त्यामुळे मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत नशीब अजमावावे की लहान स्पर्धेत जाऊन गुण राखावेत, हा निर्णय तिला जवळजवळ दर आठवड्याला घ्यावा लागतो. चुकीचा निर्णय तीन-चार वेळा झाला की ग्रँड स्लॅमचे पात्रतेचे दारही बंद होते.

प्रश्न : बाळंतपणानंतर अशा खेळाडूला शून्यापासून सुरुवात करावी लागते का?

उत्तर : पूर्णपणे नाही. महिला टेनिस संघटनेच्या नियमानुसार तिला विशेष क्रमवारी मिळते, म्हणजे खेळ थांबवतानाच्या क्रमांकावर ठरावीक स्पर्धांत प्रवेश घेता येतो. गुण मात्र नव्यानेच मिळवावे लागतात.

या संदर्भात जर्मनीच्या तात्याना मारिया यांची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर सव्वा वर्षाने, 2022 मध्ये, त्या 103 व्या क्रमांकावर असताना विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचल्या. परंतु रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना आयोजकांनी बंदी घातल्यामुळे संघटनेने त्या वर्षी विम्बल्डनचे गुणच दिले नव्हते, त्यामुळे बक्षिसाची रक्कम मिळूनही कारकिर्दीतील त्या सर्वांत मोठ्या पंधरवड्याने त्यांच्या क्रमवारीत एका गुणाचीही भर घातली नाही. पुढे 2025 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, त्या लंडनच्या क्वीन्स क्लबवर पात्रता फेरीतून येऊन विजेत्या ठरल्या.