खडकीची काडतुसं आणि तुझा एच-वन

तुझा निरोप दोनदा वाचला. सप्टेंबरात एच-वन-बी व्हिसावर ओहायोतल्या कोलंबसला येतोयस. बालेवाडीला चार वर्षं एअर रायफलचा सराव केलास. आणि इथे आल्यावर पहिल्या पगारातून बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली जुनी ली-एन्फिल्ड रायफल टपालाने मागवायची आहे, कारण तुझ्या आजोबांनी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत आयुष्यभर तिचीच काडतुसं केली. विक्रेता कोणता बरा, पैसे किती ठेवू, रायफल घरपोच येते का, असं विचारलंयस. तुझ्या बाबांचा मित्र म्हणून सगळं सांगतो, पण आधी जे विचारलं नाहीस ते.

एच-वनवर असताना रायफल घ्यायची नाही. हातातसुद्धा घ्यायची नाही.

हे माझं भित्रेपण नाही, इथला कायदा आहे. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. एच-वन, एल-वन, एफ-वन, तुझ्या बायकोचा एच-फोर, सगळे त्यात आले. 2022 पासून शिक्षा कमाल पंधरा वर्षं आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलास तर देशाबाहेर काढण्याचं ते स्वतंत्र कारण होतं. 'बाळगणं' म्हणजे विकत घेणंच असं नाही. रेंजवर मित्राची रायफल दोन मिनिटं हातात धरलीस तरी तेवढं गुन्ह्याला पुरतं. अमिरातीतून फ्लोरिडात शिकायला आलेल्या रहैफ नावाच्या विद्यार्थ्याचा खटला 2019 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कॉलेजातून काढल्यामुळे त्याचा व्हिसाचा दर्जा संपलेला होता, आणि खटल्याच्या मुळाशी होतं ते एवढंच की तो एका रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. आपला दर्जा काय आहे हे आरोपीला माहीत होतं, असं सरकारने सिद्ध केलं पाहिजे, असा निकाल लागला आणि त्याची शिक्षा रद्द झाली. तुला मात्र आता माहीत आहे.

कायद्यात एक वाट आहे, तीही सांगतो, कारण ऑफिसातलं कोणीतरी तुला ती सांगणारच. राज्याचं शिकारीचं वैध लायसन्स असेल तर ही बंदी लागू होत नाही. ओहायोत त्यासाठी सहसा आधी कोर्स करावा लागतो. अनेक एच-वनवाले याच वाटेने रायफल घेतात आणि ते कायदेशीर आहे. पण त्या लायसन्सची मुदत संपली की कपाटातली रायफल त्याच दिवशी गुन्हा होते. नोकरी बदलणं, एक्स्टेन्शन, व्हिसाच्या शिक्क्यासाठी पुण्याला जाणं, या धांदलीत तुझा पासपोर्ट कुठे आहे हेही कधी कधी आठवणार नाही. त्यात अशी एक तारीख सांभाळायची? माझं मत नाही असं आहे. तरी जायचंच असेल तर इमिग्रेशनचा वकील आधी गाठ, रेंजवरचा मित्र नव्हे.

मी अकरा वर्षं थांबलो. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे ते तू ऐकलंच असशील. प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे आणि आपण त्यात अडकतो. ग्रीन कार्ड आलं की तू रायफल घेऊ शकतोस, नागरिकत्वाची गरज नाही.

तोवर एअर रायफल. दाबलेल्या हवेवर चालणारी रायफल केंद्रीय कायद्यात 'फायरआर्म' नाही, आणि ओहायोत तू ती खुशाल घेऊन तुझी दहा मीटरची प्रॅक्टिस चालू ठेवू शकतोस. एडिसनला मावशीकडे जाताना मात्र ती गाडीत घालून नेऊ नकोस. न्यू जर्सीत एअरगनलाही फायरआर्म धरतात.

आता टपालाचं. तुझ्या डोक्यात जे चित्र आहे, मासिकातलं कूपन कापून पाठवायचं आणि पोस्टमन दारात रायफल आणून देतो, ते एके काळी अगदी खरं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या सैन्यांकडे पडून असलेल्या लाखो रायफली विकायला निघाल्या. सॅम्युअल कमिंग्ज नावाच्या माणसाने 1953 मध्ये त्या धंद्यात कंपनी काढली आणि व्हर्जिनियात अलेक्झांड्रियाला पोटोमॅक नदीकाठची गोदामं भरली. एन्फिल्ड, माउझर, कार्कानो, पंधरा-वीस डॉलरला एक. मार्च 1963 मध्ये शिकागोच्या क्लाइन्स या दुकानातून दुर्बिणीसकट एक इटालियन कार्कानो खोट्या नावाने मागवली गेली, टपालखर्च धरून 21 डॉलर 45 सेंट. मागवणारा होता ली हार्वे ऑस्वल्ड, आणि त्याच वर्षी 22 नोव्हेंबरला डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच रायफलीतून. तरी कायदा व्हायला आणखी पाच वर्षं लागली. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे गोळ्या घालून खून झाल्यावर, ऑक्टोबर 1968 मध्ये, परराज्यातून थेट ग्राहकाच्या दारात बंदूक पाठवणं बंद झालं आणि लष्करी जुन्या रायफलींची आयातही थांबली. संग्राहकांच्या जुन्या शस्त्रांपुरती आयात 1984 मध्ये पुन्हा खुली झाली. इशापूरच्या रायफलींचे मोठे साठे इथे आले ते त्यानंतर.

आज 'मेल ऑर्डर' म्हणजे काय, तर पैसे तू ऑनलाइन भरतोस, पण रायफल तुझ्या गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे येते. तो हाताळणीचे पंचवीस ते पन्नास डॉलर घेतो. तिथे 4473 नावाचा फॉर्म भरायचा, एफबीआयची तपासणी होते, मग रायफल तुझी. त्या फॉर्मवर नागरिकत्व विचारतात, ग्रीन कार्डाचा एलियन नंबर विचारतात आणि गांजाविषयीही विचारतात. ओहायोने 2023 च्या मतदानात गांजा कायदेशीर केला, तरी तो फॉर्म केंद्राचा आहे. पार्टीतली एक ओढसुद्धा तुझ्या इमिग्रेशनच्या फायलीला महाग पडू शकते. रायफल राहू दे, एरवीही लांब राहा. राज्यांचे नियम वर आणखी असतात, जसं इलिनॉयमध्ये राज्याचं ओळखपत्र आधी काढावं लागतं.

घरपोच यायला दोन रस्ते आहेत. एक म्हणजे 'क्युरिओ अँड रेलिक' परवाना, तीन वर्षांचे तीस डॉलर. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली रायफल त्यावर थेट घरी येते. प्रत्येक खरेदीची नोंद वहीत ठेवायची. दुसरा रस्ता सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम. सैन्याने परत केलेल्या एम-वन गरँड रायफली ते विकतात, अलाबामात ॲनिस्टनला आणि आपल्या ओहायोत कॅम्प पेरीला त्यांची दुकानं आहेत, आणि टपालाने दारापर्यंतही पाठवतात. पण तिथे अमेरिकन नागरिकत्वाचा पुरावा लागतो, ग्रीन कार्ड चालत नाही. माझी गरँड नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर दोन महिन्यांनी आली. चार किलोंहून जड, आठ गोळ्यांची क्लिप, शेवटची गोळी सुटली की क्लिप टण्णकन बाहेर उडते.

तुझी इशापूर. इथे दोन प्रकार भेटतील. जुनी .303 इंची गोळीची, आणि 1962 च्या चीन युद्धानंतर केलेली 7.62 मिलिमीटर गोळीची, टू-ए आणि टू-ए-वन या नावांची. दुसरी घे. तिचं मॅगझिन चौकोनी, बारा गोळ्यांचं असतं, आणि डाव्या बाजूला प्रकार कोरलेला, दुसऱ्या बाजूला आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) ही अक्षरं आणि साल. पुढच्या लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू दिसेल. लाकूड फाटू नये म्हणून आपल्याकडे तो घालत. दोष समजू नकोस. लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली .303 दिसली तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली रायफल आहे. भिंतीसाठी ठीक, गोळ्या झाडायला नको.

माझी पहिली टू-ए-वन मी फोटो पाहून मागवली. 'व्हेरी गुड' म्हटलं होतं. दुकानात उत्साहाच्या भरात सही केली, घरी येऊन लाकूड उतरवलं, तर नळीचा खालचा अर्धा भाग गंजाने खाल्लेला. वरून नितळ, लाकडाखाली पावसाळ्यांचा साठलेला गंज. विक्रेता म्हणाला, रायफल एकदा नावावर झाल्यावर परत घेत नाही, आणि त्याच्या अटींत तसं खरंच लिहिलं होतं. तेव्हा हे पक्कं लक्षात ठेव: 4473 वर सही करण्याआधी दुकानातच सगळं बघून घ्यायचं. नळीत लाइट टाकून आतले आटे बघायचे, नळीचं तोंड झिजलंय का बघायचं, बोल्टवरचा, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या दांड्यावरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळतो का बघायचं. दुकानदाराला विचारून लाकडाच्या कडेखाली डोकावायचं. पटलं नाही तर सही न करता परत पाठवायला सांगायचं, तिथवर तुझा हक्क शाबूत असतो. काही विक्रेते थोडे पैसे जास्त घेऊन ढिगातली बरी रायफल निवडून देतात. ते पैसे द्यावेत. गोळी झाडण्याआधी गनस्मिथकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून, हेडस्पेस तपासून घ्यायची, म्हणजे बोल्ट बंद केल्यावर काडतूस घट्ट बसतं की नाही. यात काटकसर नको, चेहरा तुझा असतो त्या बोल्टमागे.

जुन्या रायफली कॉस्मोलिन नावाच्या तपकिरी ग्रीसमध्ये बुडवलेल्या येतात. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत घालून जुलैच्या उन्हात ठेवली की ते वितळून निघतं.

आणि काडतुसं. इथे तुझं मन थोडं दुखेल, पण तुझ्या बाबांच्या मित्राने खोटं बोलू नये. खडकीची .303 काडतुसं इथे सरप्लस, म्हणजे सैन्याचा जादा माल म्हणून पेटीच्या पेटी विकली गेली. बुडावर के आणि एफ अशी अक्षरं. इथल्या नेमबाजांत त्यांचं नाव चांगलं नाही. चाप ओढला की कधी उडतच नाही, कधी क्षणभर थांबून उडतं. असं झालं तर रायफल लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद तरी मोजायचे, बोल्ट उघडायचा नाही. शिवाय त्यांच्या प्रायमरमुळे, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टिकलीमुळे, नळीत मीठ उरतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि दोन दिवसांत गंज; त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुवावी लागते, नुसतं तेल पुरत नाही. मला वाटतं यात आजोबांच्या हाताचा दोष शोधू नये. ती काडतुसं सैन्याने ठरलेल्या काळात वापरायची म्हणून केली होती. कुठल्या कोठारात किती उन्हाळे आणि पावसाळे काढून, समुद्र ओलांडून, कित्येक दशकांनी ती ओहायोत फुटतील असा हिशेब 1869 पासून चालू असलेल्या त्या कारखान्यात कोणी का करावा? चाळीत असताना फॅक्टरीचा भोंगा झाला की तुझी आजी घड्याळ न बघता चहाचं आधण ठेवायची, ते मला अजून दिसतं. मी ती काडतुसं चालवत नाही. माझ्या टू-ए-वनला नवीन 7.62 नाटो देतो.

रायफल कधी तरी भारतात नेऊ, हा विचार सोड. .303 आणि 7.62 दोन्ही तिकडे नागरिकांना बंद आहेत. म्हणून तर इशापूरनेच लोकांसाठी .315 काढली. त्याहून महत्त्वाचं: रेंजवर नेलेली बॅग, जाकीट, पँट, काहीही घालून किंवा घेऊन विमानतळावर जायचं नाही. अस्तरात राहिलेल्या एका गोळीपायी मुंबईच्या विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो, आणि आईच्या आजारपणाला निघालेला माणूस पोलीस ठाण्यात बसतो. प्रवासाची बॅग आणि रेंजची बॅग आयुष्यभर वेगळी.

जुलै-ऑगस्टमध्ये कॅम्प पेरीला राष्ट्रीय स्पर्धा भरतात, एरी तलावाच्या काठावर, 1907 पासून. पुढच्या उन्हाळ्यात तुला घेऊन जाईन. रेषेमागे खुर्ची टाकून बसू, कानाला मफ लाव आणि बघ.

एक राहिलं. तू लिहिलंयस की रायफल नाही तर निदान केएफ ठप्प्याची एक पुंगळी तरी मिळेल का, आजोबांच्या फोटोजवळ ठेवायला. माझ्याकडे आहे. बारा वर्षांपूर्वी इंडियानातल्या एका रेंजवर गवतात सापडली, पितळ काळवंडलंय पण अक्षरं वाचता येतात. पण इथल्या कायद्याच्या व्याख्येत 'ॲम्युनिशन' म्हणजे रिकामी पुंगळीसुद्धा. म्हणून आत्ता ती तुझ्या हातात देत नाही. तुझ्या आजोबांचं नाव लिहून डबीत ठेवली आहे, डबी माझ्या कपाटात. ग्रीन कार्ड आलं की घेऊन जा.