हेडसेट घरोघरी येईल का, आणि त्यावर लेकीचं शिक्षण बेतावं का?

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

नाव-गाव छापू नका असं तुम्ही लिहिलंय, ते पाळते. इतर वाचकांसाठी तुमचं पत्र थोडक्यात सांगते. तुम्ही चोपडा तालुक्यात केळी करता. लेक यंदा बारावी सायन्स झाली, गणित चांगलं, सीईटी दिलेली. जुन्या लॅपटॉपवर यूट्यूब बघून ती ब्लेंडर हे थ्रीडी नमुने बनवायचं सॉफ्टवेअर शिकली आणि तुमच्या घराचा ओटा-माळवदासकट थ्रीडी नमुना तिने बनवला. आता पुण्यातल्या एका खासगी संस्थेत ‘मेटाव्हर्स आणि एक्सआर’चा दोन वर्षांचा डिप्लोमा, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जगाच्या कामाचा कोर्स, करायचं तिच्या मनात आहे. फी साडेचार लाख, हेडसेट, म्हणजे आभासी जग बघायला डोळ्यांवर बांधायचं यंत्र, विद्यार्थ्याने स्वतः आणायचा. संस्थेच्या माणसाने तुम्हाला फोनवर सांगितलं, की पाच वर्षांत हेडसेट मोबाइलसारखा घरोघरी जाईल आणि तेव्हा ही मुलं शोधून मिळणार नाहीत. तुम्ही विचारता: हे खरं आहे का? आणि कांदेबागेच्या केळीचे पैसे त्यात घालू का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण संस्थेने तुम्हाला पैसे भरायची तारीख दिली आहे. पैसे भरू नका. हेडसेटही आत्ता घेऊ नका. आणि लेकीला या विषयापासून तोडूही नका. जिने कुणी न सांगता घराचा नमुना उभा केला, तिच्याकडे असं काही आहे जे क्लास लावून येत नाही.

आता पहिला प्रश्न. हेडसेट घरोघरी जाणार, हे वाक्य बरंच जुनं आहे. २०१२ मध्ये ऑक्युलस नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने लोकांकडून इंटरनेटवर सुमारे २४ लाख डॉलर गोळा केले. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. २०१६ मध्ये तिचा रिफ्ट हा हेडसेट ५९९ डॉलरला आला, एचटीसीचा व्हाइव्ह ७९९ डॉलरला आला, आणि दोन्ही चालवायला तगडा कॉम्प्युटर वेगळा घ्यावा लागायचा. घेणारे होते ते गेम खेळणारे हौशी लोक. २०२० मध्ये फेसबुकचा क्वेस्ट २ आला. कॉम्प्युटरची गरज नाही, किंमत २९९ डॉलर. त्याला खरं गिऱ्हाईक मिळालं.

त्यानंतर काय झालं ते बघा. त्याच कंपनीला, म्हणजे आता मेटा म्हणवणाऱ्या फेसबुकला, वाटलं की लोक जास्त पैसे मोजतील. २०२२ च्या ऑक्टोबरात क्वेस्ट प्रो १,४९९ डॉलरला आणला. पुढच्या मार्चमध्ये किंमत ९९९ वर आणावी लागली आणि नंतर तो बंदच केला. २०२३ मध्ये क्वेस्ट ३ आला ४९९ ला, २०२४ मध्ये क्वेस्ट ३एस आला पुन्हा २९९ ला. कुठल्याही जाहिरातीपेक्षा कंपनीने स्वतः उतरवलेली किंमत जास्त खरं बोलते. गिऱ्हाईक कुठवर येतं आणि कुठून मागे फिरतं, ते तिच्यात दिसतं.

ॲपलने याच्या उलट टोकावरून सुरुवात केली. तिचा व्हिजन प्रो हा हेडसेट २ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेत विक्रीला आला, ३,४९९ डॉलरला. त्या वेळच्या दराने सुमारे २ लाख ९० हजार रुपये. यंत्र म्हणून ते अफाट आहे, त्यात शंका नाही. पडदा इतका बारीक की समोरची वस्तू खरीच वाटावी, आणि नुसत्या नजरेने व बोटांच्या चिमटीने सगळं चालतं. पण ॲपलने किती व्हिजन प्रो विकले याचा आकडा कंपनीने कधी जाहीर केलेला नाही. ज्या कंपनीचे मोबाइल जगात वर्षाला वीस कोटींहून जास्त जातात, तिला सांगण्यासारखा आकडा असता तर तिने तो सांगितला असता, असं मला वाटतं.

लोक का घेत नाहीत? नुसती किंमत म्हणाल तर उत्तर अर्धंच राहील. आपल्याकडे कर्ज काढून लाखाची मोटारसायकल घेतातच, कारण ती उद्या सकाळपासून कामाला येते. २०२४ च्या व्हिजन प्रोचं वजन ६०० ते ६५० ग्रॅम होतं आणि ते सगळं चेहऱ्यावर यायचं. बॅटरी वेगळी, वायरने जोडलेली, खिशात ठेवायची, आणि चालायची साधारण दोन तास. ॲपलच्या माहितीपत्रकात हे यंत्र शून्य ते ३० अंश तापमानात वापरावं असं दिलंय. आपल्या भुसावळात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. एसी नसलेल्या घरात ते चालवायचं कसं, हा प्रश्न बनवणाऱ्यांसमोर कधी आलाच नसावा. शिवाय अनेकांना हेडसेट घातल्यावर मळमळतं. डोळ्यांना आपण चालतोय असं दिसतं आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण जागेवरच आहोत. घाटातल्या एसटीत पुस्तक वाचताना हेच उलट बाजूने होतं.

पण माझ्या मते मूळ कारण वेगळं आहे. मोबाइल आला तेव्हा त्याने आपण रोज करतच होतो ती कामं हातात घेतली. बोलणं, फोटो, पैसे देणं, केळीचा भाव विचारणं. हेडसेटला असं रोजचं काम अजून सापडलेलं नाही. सिनेमा बघायचा तर टीव्ही आहे, तो सगळे मिळून बघतात. हेडसेटमध्ये माणूस घरात असून एकटा होतो. आणि लोक कमी म्हणून ॲप बनवणारे थांबतात, ॲप नाहीत म्हणून लोक थांबतात. व्हिजन प्रो आला त्या दिवशी नेटफ्लिक्स आणि यूट्यूब या दोघांनीही त्यासाठी वेगळं ॲप बनवलेलं नव्हतं. एवढे मोठे धंदे थांबून बघतात, तिथे चोपड्याच्या शेतकऱ्याने साडेचार लाख घेऊन पुढे का व्हावं?

मेटाच्या ज्या विभागात हे सगळं बनतं, त्या रिॲलिटी लॅब्सचा एकट्या २०२४ चा तोटा सुमारे १७.७ अब्ज डॉलर होता. रुपयांत साधारण दीड लाख कोटी. एवढा तोटा सोसून एखादी कंपनी वाट बघू शकते. तिच्या भरवशावर नोकरी शोधणाऱ्या मुलीला तेवढा धीर परवडत नाही.

मग हेडसेट घेतं कोण? ज्याचं काम त्यातून निघतं तो. गावात मळणीयंत्र घरोघरी नसतं. एकाकडे असतं, हंगामात त्याला फुरसत नसते, आणि त्याचा पैसा वसूल होतो. हेडसेटचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या वॉलमार्टने २०१८ मध्ये दुकानांतल्या कामगारांच्या प्रशिक्षणासाठी १७ हजार हेडसेट घेत असल्याचं जाहीर केलं. चूक महागात पडते किंवा जिवावर बेतते अशा जागा, म्हणजे वीजकेंद्र, दारूगोळा कारखाना, शस्त्रक्रियेची खोली, विमानाची दुरुस्ती, इथे आधी खोट्या यंत्रावर सराव करून घेणं स्वस्त पडतं. दीपनगरचं वीजकेंद्र, वरणगावचा दारूगोळा कारखाना ही नावं तुम्हाला परकी नाहीत. अशा ठिकाणची कामं डोळ्यांसमोर आणली की मुद्दा लगेच कळेल.

इथेही मी तुम्हाला हिरवं रान दाखवणार नाही. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ हा हेडसेट मुळात कारखान्यांसाठीच होता, ३,५०० डॉलरचा. २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. गूगल ग्लास हा संगणकी चष्मा २०१३ मध्ये १,५०० डॉलरला आला, सामान्य लोकांसाठी २०१५ मध्ये बंद झाला, मग कारखान्यांसाठी पुन्हा काढला आणि २०२३ मध्ये तोही थांबवला. यंत्रं येतात आणि जातात. ज्याने फक्त एकाच यंत्राची बटणं शिकली, तो त्या यंत्राबरोबर जातो. कोर्सच्या नावात ‘मेटाव्हर्स’ बघून मला काळजी वाटली ती यासाठी.

वारा कुठे वाहतोय तेही सांगते. हलक्या चष्म्यांना गिऱ्हाईक मिळतंय. मेटा आणि रेबॅनचा कॅमेरा व स्पीकर असलेला चष्मा २०२३ मध्ये २९९ डॉलरला निघाला, २०२५ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे २० लाख विकला गेला, आणि मे २०२५ मध्ये भारतात २९,९०० रुपयांपासून मिळू लागला. त्या चष्म्यात तर पडदासुद्धा नाही. आणि आपल्या देशात ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे खऱ्या दृश्यात संगणकाने बनवलेली वस्तू दाखवणं, सर्वांत जास्त वापरली जाते ती साध्या मोबाइलवर: चष्म्याची फ्रेम किंवा कानातलं कॅमेऱ्यात घालून बघणं, सोफा खोलीत मावतो का ते बघणं. जळगावच्या सराफ बाजारातल्या एखाद्या पेढीला हेडसेट नको असेल, पण गिऱ्हाइकाला घरबसल्या हार गळ्यात दिसला तर तो हवा असेल. हे बनवणारी मुलगी आणि हेडसेटसाठी बनवणारी मुलगी, दोघींचं शिक्षण जवळपास एकच आहे.

ते शिक्षण म्हणजे थ्रीडी, प्रोग्रामिंग आणि त्यांच्याखालचं गणित, व्हेक्टर आणि मॅट्रिक्स. युनिटी आणि अनरिअल ही गेम बनवायची दोन सॉफ्टवेअर आली, एकासाठी सी शार्प आणि दुसऱ्यासाठी सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषा आल्या, की गेम, सिनेमातली दृश्यं, बिल्डरांचे फ्लॅट दाखवणारे नमुने, कारखान्याचे सराव, अशी बरीच दारं उघडतात. हेडसेटची विक्री पडली तरी ती एकदम मिटत नाहीत.

म्हणून माझा सल्ला: सीईटी दिलीच आहे, तर कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्या. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय पहिल्या पसंतीत टाका, नंतर धुळे, शिरपूर, नाशिक, पुणे तिच्या गुणांप्रमाणे. आणि इथे एक गोष्ट आहे जी तुमच्या पत्रात कुठेच नाही, बहुधा कुणी सांगितली नसेल. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची शंभर टक्के माफी केली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. खासगी विनाअनुदानित कॉलेजातल्या कॅपच्या जागांनाही ती लागू आहे; व्यवस्थापन कोट्यातल्या जागांना नाही. त्या पुण्याच्या डिप्लोमाला यातलं काही लागू होणार नाही. तेव्हा उद्याच तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढायला टाका, आणि तुमच्या प्रवर्गाला लागत असेल तर नॉन-क्रीमीलेयरही. प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर केवढी गर्दी होते ते तुम्हाला माहीत आहे.

वाचलेल्या पैशांतला थोडा भाग लॅपटॉपवर खर्च करा. ग्राफिक्स कार्ड असलेला, किमान १६ जीबी रॅमचा. त्यावर चार वर्षं निघतील. तो जुना लॅपटॉप आता तिला पुरणार नाही, एवढं लेकीच्या बाजूने मी आग्रहाने सांगते.

यापुढचं तिला वाचायला द्या.

बेटा, हेडसेट नाही म्हणून तुझं काही अडत नाही. ब्लेंडर तुझ्याकडे आहेच. युनिटीची वैयक्तिक आवृत्ती आणि अनरिअल, शिकायला दोन्ही फुकट आहेत. युनिटीत हेडसेटची नक्कल करणारा सिम्युलेटर मिळतो. कीबोर्ड आणि माउसने डोकं-हात हलवून तुझं काम तपासता येतं. एआरकोर (गूगलची ऑगमेंटेड रिॲलिटीची सोय) चालणारा अँड्रॉइड मोबाइल घरात असेल तर ऑगमेंटेड रिॲलिटीचं काम आजपासून सुरू होऊ शकतं. आयआयटी मद्रासमध्ये स्टीव्हन लाव्हॅल यांनी व्हर्च्युअल रिॲलिटीवर दिलेली व्याख्यानं एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. ते ऑक्युलसमध्ये काम केलेले शास्त्रज्ञ आहेत. इंग्रजी सुरुवातीला जड जाईल, तरी सोडू नकोस. मळमळ का होते, नजर कशी फसते, हे ते मुळापासून समजावतात, आणि एवढ्या खोलात तुझा डिप्लोमा जाईल असं त्याच्या माहितीपत्रकावरून तरी दिसत नाही.

पहिल्या वर्षात दोनच गोष्टी पूर्ण कर. पहिली, तुमच्या शेतातल्या ठिबकच्या फिल्टरचा थ्रीडी नमुना, मोबाइल समोर धरला की एकेक भाग सुटा होणारा, कुठला भाग कधी साफ करायचा ते मराठीत सांगणारा. वडिलांना वापरायला दे आणि ते कुठे अडखळतात ते शेजारी बसून बघ. मध्ये बोलू नकोस. दुसरी, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचं मंदिर. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख तिथला आहे. मोजमापं घेऊन, फोटो काढून ते आतून फिरता येईल असं उभं कर. नोकरी देणारा अर्ज बाजूला ठेवून ही दोन कामं उघडून बघेल.

आणि कोडपेक्षा चित्रातच जीव जास्त रमतो असं पहिल्या काही महिन्यांतच वाटलं, तर डिझाइनकडे वळायला यूसीड ही आयआयटींची प्रवेश परीक्षा आहे. ती बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीच देता येते, म्हणून नियम आत्ताच वाचून ठेव. मुंबईत केंद्र सरकारच्या पुढाकाराने ॲनिमेशन, गेमिंग आणि एक्सआरसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आहे. तिचे अभ्यासक्रमही नजरेत ठेव, पदवी हातात आल्यावर तिथे पुढचं शिकता येईल.

भाऊ, एवढं वाचूनही संस्थेचा फोन आला आणि मन डळमळलं, तर त्यांना तीन गोष्टी लेखी मागा. एआयसीटीई (तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्राची परिषद) किंवा विद्यापीठाची मान्यता आहे का. मागच्या तुकडीतल्या मुलांना कुठे, किती पगारावर नोकरी लागली, आणि त्यांच्यातल्या चौघा-पाच जणांशी आपण बोलू शकतो का. सहा महिन्यांत मुलीने सोडलं तर किती फी परत. ‘शंभर टक्के जॉब असिस्टन्स’ या शब्दांत नोकरीची हमी नाही, मदतीची आहे. जागा अडवून ठेवायला म्हणून वीस-पंचवीस हजार मागतील. तेही देऊ नका.

तिचा घराचा नमुना मला बघायला आवडेल. फाइल मोठी असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा. सोबत सीईटीचे पर्सेंटाइल आणि प्रवर्ग कळवा. कॅपचे पसंतीक्रम भरण्याआधी आपण कॉलेजांची यादी एकत्र बसून लावू.

तुमची,
करिअर समुपदेशक, जळगाव