दीर्घ आजारानंतर वडील गेले. आता त्यांचं आजारपणच डोळ्यांसमोर येतं. आधीचे वडील पुन्हा आठवतात का?

आठवतात. फक्त आठवायचंच म्हणून बसलं की येत नाहीत, हा माझा अनुभव.

तुम्ही लिहिलंय की डोळे मिटले की नळ्या, बेड आणि उतरलेला चेहरा एवढंच दिसतं. आणि ते गेल्यावर क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, त्याची लाज वाटते. लाजेचं आधी सांगते, कारण ते थोडक्यात आटपतं. सुटल्यासारखं मलाही वाटलं, आईलाही वाटलं, आणि भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी "सुटले बिचारे" म्हणून ते तोंडावर बोलूनही दाखवलं. रात्री फोन वाजला की वर्षानुवर्षं ज्याच्या पोटात गोळा आलाय, त्याला तो यायचा थांबल्यावर बरंच वाटणार. त्यात मायेत काही कमी पडलं असं नसतं.

पहिल्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते.

माझे वडील, अण्णा, एसटीच्या विटा आगारात कंडक्टर होते. शुगरने किडन्या गेल्या आणि रिटायर झाल्यावर थोड्याच दिवसांत डायलिसिस सुरू झालं. आधी आठवड्यातून दोनदा, पुढे तीनदा, मिरजेला. खर्चाचा मोठा भार महात्मा फुले जन आरोग्य योजनेने उचलला, पण पहाटे उठवून गाडीत बसवायला योजना येत नाही. चार तास मशीनवर आणि जाऊन-येऊन अख्खा दिवस. शेवटच्या तासात पायात गोळे यायचे, तेव्हा अण्णा दात आवळून छताकडे बघत राहायचे. ते गेल्यावर मला तोच चेहरा दिसायचा. लग्नातला फोटो बघितला तरी डोळ्यांपुढे छताकडे बघणारे अण्णाच.

वर्षश्राद्धाला त्यांच्याबरोबर ड्यूटी केलेले एक ड्रायव्हरकाका आले. जेवण झाल्यावर पान लावता लावता म्हणाले, "तुझ्या इंग्रजीपायी माझी झोप जायची." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मुक्कामी गाडी असली की दोघं गाडीतच झोपायचे, आणि अण्णा आतला दिवा लावून माझं सातवीचं इंग्रजीचं पुस्तक वाचत बसायचे. घरी आल्यावर मला स्पेलिंगं विचारता यावीत म्हणून आधी स्वतः पाठ करायचे. काका ओरडायचे, "मास्तर, दिवा घालवा की आता, बॅटरी उतरंल!"

मला वाटायचं अण्णांना इंग्रजी येतं. पुस्तक हरवलं म्हणून मी एकदा मारही खाल्ला होता. ते त्यांच्या तिकिटाच्या पेटीत होतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

त्या दिवसानंतर एकेक गोष्ट आपोआप वर यायला लागली. अकरावी-बारावीला मी त्यांच्याच गाडीने कॉलेजला जायचे. सगळ्यांचे पास बघत ते माझ्यापर्यंत यायचे आणि रोज म्हणायचे, "पास बघू." घरी अगं-तुगं आणि गाडीत जणू ओळखच नाही! मैत्रिणी फिदीफिदी हसायच्या. एकदा पास संपला होता तर त्यांनी सरळ पंच वाजवून तिकीट फाडलं, पैसे स्वतःच्या खिशातून काढून पिशवीत टाकले आणि उरलेले सुट्टे, इतर पॅसेंजरचे लिहितात तसे, माझ्याही तिकिटाच्या मागे लिहून दिले. घरी गेल्यावर मागून घे म्हणाले. घेतले मी.

आणि मग आणखी एक झालं, जे मला अपेक्षित नव्हतं. आजारातले अण्णाही बदलून दिसायला लागले.

डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. लघवी जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे प्यायलेलं पाणी पुढच्या खेपेपर्यंत अंगातच राहतं, पाय सुजतात, दम लागतो. अण्णांनी त्यासाठी वही केली होती. पट्टीने रकाने आखलेले, अगदी वे-बिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदासारखे: तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, पाणी, चहा, ताक. एका संध्याकाळी मी अर्धा कप चहा जास्तीचा दिला आणि म्हटलं, एवढा नका लिहू, कोण बघतंय. म्हणाले, "वे-बिलात खोटं घालायचं न्हाई." आणि लिहिलं. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शिरा जोडलेल्या हातावर बोट ठेवलं की आत घरघर लागते, ती नातवाला दाखवून सांगायचे, "बघ, इंजिन चालू हाय."

2021 च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला, महामंडळाचं शासनात विलीनीकरण करा म्हणून. तो थेट 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. डायलिसिसला संप कळत नाही. मग वडाप, म्हणजे खाजगी जीप. आता अण्णांची उभी नोकरी वडापवाल्यांशी भांडण्यात गेलेली, स्टँडच्या तोंडाशी जीप लावून पॅसेंजर पळवतात म्हणून. पहिल्याच दिवशी जीपवाल्याने ओळखलं. "मास्तर, तुम्ही? या, पुढं बसा." अण्णा गप मागे जाऊन बसले, पूर्ण भाडं दिलं, आणि मिरज येईपर्यंत जीपमध्ये किती माणसं कोंबलीत ते मोजत राहिले. पण संपाबद्दल कुणी वाकडं बोललं की, "पोरांचं बरोबर हाय. त्या पगारात भागवून दाखव तू." एवढ्यावर विषय बंद. संप मिटल्यावर पुन्हा लाल गाडीने गेले, त्या पावसाळ्यापर्यंत. शेवटी हृदयानेच दगा दिला. मी तेव्हा जवळ होते, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

म्हणून मी "आधीचे अण्णा" आणि "आजारातले अण्णा" अशी वाटणी आता करत नाही. वही आखणारा आणि मला तिकीट फाडणारा माणूस एकच. छताकडे बघणारा चेहरा अजूनही दिसतो, पण मधूनच.

तुमच्या प्रश्नात आजाराचं नाव आहे, किती वर्षं चालला ते आहे, औषधांचीही नावं आहेत. वडील काय काम करायचे, त्यांच्याबरोबर कोण असायचं, ते मात्र कुठे नाही. त्यातलं कुणी अजून गावात असेल तर वर्षश्राद्धाची वाट बघू नका, जाऊन बसा. रिपोर्टांची फाईल टाकलीत तरी चालेल, पण त्यांच्या हातचं लिहिलेलं काही सापडलं तर एवढ्यात रद्दीत घालू नका.

ड्रायव्हरकाका अजून अधूनमधून फोन करतात. निम्मं बोलणं पीएफ खात्याच्या ईपीएस 95 पेन्शनवर असतं, ती किती तुटपुंजी आहे त्यावर. ते सगळं ऐकून घ्यायचं. मग बोलता बोलता मध्येच "तुझा बाप एकदा काय..." असं सुरू होतं.