गुडघ्यावर हात न ठेवता

चिरंजीव,

पत्राच्या आरंभी हा शब्द लिहायची आपली रीतच आहे, पण तुझा प्रश्नही नेमका तोच निघाला म्हणून हसू आलं. नव्वदीतही धडधाकट राहायला आत्तापासून काय करू, असं सत्ताविसाव्या वर्षी मला कुणी विचारत नाही. माझ्याकडे उपचाराला माणसं येतात ती साठीनंतर, तीही मुलगा नाहीतर सून हाताला धरून आणते तेव्हा.

तू पाठवलेली गोळ्यांची यादी वाचली. ती राहू दे. आधी जमिनीवर मांडी घालून बस आणि ऊठ. हात टेकायचा नाही, गुडघ्यावरही ठेवायचा नाही. ब्राझीलच्या क्लॉडिओ गिल अराउजो या डॉक्टरांनी याची दहा गुणांची परीक्षाच केली आहे. बसण्याचे पाच, उठण्याचे पाच. हात, कोपर, गुडघा, जे टेकेल त्याचा एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. 51 ते 80 वयाच्या 2002 माणसांची ही परीक्षा घेऊन त्यांनी 2012 साली निष्कर्ष छापले. कमी गुणवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत दगावणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त होतं. म्हणून उठाबशा काढल्या की आयुष्य वाढतं, असा अर्थ लावू नकोस. पायातली ताकद, तोल आणि सांध्यांची लवचिकता या तिन्हींची एकदम झडती होते, इतकंच. पन्नाशीत मी स्वतः ही परीक्षा दिली तर सहा गुण पडले. दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे वाकवणारी बाई, आणि उठताना तोंडातून 'आई गं'!

शहात्तर वर्षांच्या एक आजी माझ्याकडे उपचाराला येत होत्या. वाड्यात राहत होत्या तोवर विळीवर भाजी चिरायची, पाटावर जेवायचं, खाली बसून धुणं. मुलाने फ्लॅट घेतला. ओटा आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला, पलंग उंच झाला. सगळं त्यांच्या सोयीसाठीच. दहा-बारा वर्षांत जमिनीशी संबंधच सुटला. एका दुपारी घरात एकट्या असताना बाथरूमच्या दाराशी घसरल्या. हाड मोडलं नाही, फारसं खरचटलंही नाही. पण उठता येईना. दोन तास फरशीवर पडून होत्या, मोलकरीण येईपर्यंत. मला सांगताना त्या पडण्याबद्दल बोलल्याच नाहीत. 'माझेच पाय मला ओळखेनात' म्हणाल्या.

हे पाय शहात्तराव्या वर्षी अचानक जात नाहीत. तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो. हाडांची भरतीही तिशीच्या आसपास पुरी होते, नंतर फक्त खर्च. म्हणजे तुझ्या हाती भरणा करायला दोन-तीनच वर्षं आहेत. आठवड्यातून दोनदा वजन उचल, आणि नुसते दंड फुगवू नकोस, मांड्यांना काम दे. चालतोस ते उत्तमच. पण घड्याळाने दहा हजार पावलांची शाबासकी दिली की तू उरलेले दहा तास खुर्चीत, हे चालणार नाही. तो दहा हजारांचा आकडाही साठच्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला, डॉक्टरांनी काढलेला नव्हे.

1953 मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसवाल्यांचा अभ्यास मांडला होता. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. दोघं एकाच बसमधले! आपले अण्णासाहेब कर्वे 104 वर्षं जगले. हिंगण्याच्या झोपडीतून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला ते पायी येत-जात. एका माणसावरून नियम काढू नये हे मलाही कळतं, पण तो रस्ता आठवला की मला लिफ्टची लाज वाटते.

जेवणाचं म्हणशील, तर सकाळी पोहे, दुपारी पोळी-बटाटा, रात्री खिचडी याने स्नायू बनत नाहीत. वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं धर, म्हणजे तुझ्या सत्तर किलोंना 58 ग्रॅम. पातळ आमटीच्या वाटीत पाच-सहाच असतात. मटकीची उसळ दाट कर, दही वाढव, खात असशील तर अंडी-मासे घे. तुझ्या आजीची नाचणीची भाकरी कॅल्शियमच्या गोळीपेक्षा स्वस्त आहे. पोटाचा घेर नव्वद सेंटीमीटरच्या आत ठेव. आपल्या लोकांना मधुमेह वजन फारसं वाढायच्या आधीच गाठतो, त्यामुळे 'मी काही जाड नाही' यावर विसंबू नकोस. रात्री दोनपर्यंतची मॅच आणि तुझी ती 'कधीतरीची' सिगारेट, यावर मी लिहीत बसत नाही. तुला माहीत आहे.

मागच्या महिन्यात एका लग्नात खाली पंगत मांडली होती. सत्तरीचे चार काका झटकन बसले, आणि तुझ्या वयाची पोरं यजमानांना खुर्च्या मागत होती. मी जेवायचं सोडून तेच बघत बसले.

रविवारी ये. नाचणीची भाकरी आणि वालाची उसळ करते. टेबलावर इस्त्रीचे कपडे पडलेत, ते तसेच राहतील, आपण पाट मांडू. उठताना हात टेकलास तर गुण कापीन.

तुझी,
मावशी