कोलकात्याला निघण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिमित्रास,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची यादी मिळाली. डिसेंबरातल्या चार दिवसांसाठी तू कोलकात्यातील सत्तावीस ठिकाणे लिहून काढली आहेस आणि त्यांची परस्परांपासूनची अंतरेही नोंदवली आहेस. मात्र कोणत्या ठिकाणी किती वाजता जायचे, याविषयी त्या कागदावर एकही अक्षर नाही. या शहरात कुठे जावे यापेक्षा केव्हा जावे हा प्रश्न मोठा आहे, आणि तो मला फार उशिरा कळला म्हणून हे पत्र लांबणार आहे.

सर्वांत आधी सूर्याचे पाहा. मुंबई आणि कोलकाता यांच्या रेखांशांत साधारण साडेपंधरा अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तासाभराहून थोडा अधिक. परंतु दोन्हीकडची घड्याळे आज एकच वेळ दाखवतात. (1948 पर्यंत कोलकात्याची स्वतःची निराळी वेळ होती, आणि डिसेंबरात तिथे राहिले की ती का असावी हे लगेच पटते.) त्या महिन्यात तिथे सकाळी सव्वासहाच्या आत सूर्य वर आलेला असतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळूनही जातो. आपल्या सवयीने नऊला न्याहारी करून बाहेर पडणाऱ्याचा अर्धा दिवस आधीच सरलेला असतो. तेव्हा पहाटे उठ, दुपारी झोप काढ आणि अंधार पडल्यावर खाण्याच्या मागे लाग.

मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो नेमका सोमवारी. चौरंगीवरच्या भारतीय संग्रहालयाचे दार बंद, व्हिक्टोरिया मेमोरियलची दालने बंद, जोडासांकोची ठाकूरबाडी, म्हणजे रवींद्रनाथांचे घर, तेही बंद. वारांची चौकशी न करता निघालेल्या माणसाला दुसरे काय मिळणार? चिडून टॅक्सी केली, ती बडाबाजारच्या गर्दीत तासभर अडकली आणि माझी दुपार मी पुढच्या ट्रकवर लादलेल्या कापडाच्या गाठी मोजण्यात घालवली. म्हणून सोमवार नदी आणि गल्ल्यांसाठी ठेव. कॉलेज स्ट्रीटची बहुतेक पुस्तकांची दुकाने रविवारी बंद असतात, हेही यादीच्या समासात लिहून ठेव.

पहिल्या पहाटे हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटावरील फूलबाजारात जा. तिथे झेंडूच्या माळा आपल्याकडच्यासारख्या टोपलीत मांडलेल्या नसतात. जाड दोरखंडाची वेटोळी करावीत तशा, पिवळ्या आणि केशरी, माणसाच्या खांद्यावरून कमरेपर्यंत लोंबत असतात, आणि त्या ओझ्याखालचा चेहरा दिसण्याआधी त्याचा ‘सरा, सरा’ असा ओरडा ऐकू येतो. तिथे थांबून फोटो काढू नकोस, धक्का बसेल. कडेला घाटाच्या पायरीवर उभा राहा आणि वर पूल पाहा. 1943 मध्ये वाहतुकीला खुल्या झालेल्या या पुलात सुमारे 26,500 टन पोलाद आहे आणि ते सगळे नट-बोल्टांनी नव्हे, रिव्हेटांनी जोडलेले आहे. नदीच्या पात्रात त्याचा एकही खांब नाही, आणि ही गोष्ट पुलावरून चालताना मुळीच जाणवत नाही. ती खालूनच पाहावी लागते. त्यानंतर तो चालत ओलांड आणि पलीकडे हावडा घाटावरून शोभाबाजार किंवा बागबाजारकडे जाणारी नाव पकड. हुगळीखालून 2024 पासून मेट्रोही धावते आणि ती तुला पाऊण मिनिटात पात्रापार नेईल. तोही अनुभव घे, पण सकाळी नको. सकाळी पाण्यावरूनच जा.

शोभाबाजारला उतरलास की कुमारटुली, म्हणजे मूर्तिकारांची वस्ती, जवळच आहे. दुर्गापूजेला 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले तेव्हापासून लोक शरद ऋतूतच तिथे जावे असे समजतात. माझे मत उलट आहे. डिसेंबरात दुर्गेची धामधूम नसते, सरस्वतीपूजेच्या मूर्तींचे काम हळूहळू चालू असते आणि कारागिराला तुझ्याशी बोलायला सवड असते. एकाच मूर्तीची सुरुवात पाहा: बांबूच्या सांगाड्यावर भाताचा पेंढा सुतळीने करकचून आवळून हात, मान, मांडी अशी रूपे आधी बांधली जातात, त्यावर चिकट ‘एंटेल’ माती आणि तिच्यावर वाळूमिश्रित ‘बेले’ माती चढते. डोके अजून बसलेले नसते, पण वीणा धरण्यासाठी वाकलेला पेंढ्याचा कोपर ओळखू येतो. आपल्या पेणच्या गणपतींची शाळा तू पाहिली आहेस, त्यामुळे फरक तुझ्या लगेच ध्यानात येईल. मात्र आत पाऊल टाकण्यापूर्वी ‘दादा, आशबो?’ असे विचार.

बागबाजार भागात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे, ती न चुकता पाहा. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून आले, तेव्हा कोलकातेकरांनी धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे तिथवर आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि पुढे तो बुजवून त्याच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. आपला ‘बारगीर’ हा शब्द तिकडे ‘बर्गी’ झाला, आणि बंगाली आया त्या बर्गीचे नाव घेऊन मुलांना झोपवत आल्या आहेत. लहानपणापासून अटकेपार झेंड्यांचा इतिहास ऐकत आलेल्या मला हे पहिल्यांदा कळले, तेव्हा मी काही वेळ गप्पच होतो. तिथे कुणी हसत हसत तुला बर्गी म्हटले तर तूही हस.

जोडासांको येथील ठाकूरबाडी मात्र दुपारी, गर्दी ओसरल्यावर पाहा. रवींद्रनाथांचा 1861 मधील जन्म आणि 1941 मधील मृत्यू, दोन्ही याच वास्तूत झाले. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेतले पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. विलायतेला जाण्यापूर्वी, 1878 मध्ये, किशोरवयीन रवींद्रनाथ इंग्रजी सुधारण्यासाठी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले होते. हे मनात ठेवून त्या व्हरांड्यांतून हिंडलास, तर ते घर तुला परके वाटणार नाही.

व्हिक्टोरिया मेमोरियल सगळेच पाहतात, तूही पाहा. मकराण्याचा संगमरवर सकाळच्या उन्हात बरा दिसतो, एवढेच मी सांगेन. दक्षिणेश्वरचे मंदिर आणि बेलूर मठ यांना एक सकाळ दे आणि दोहोंमधला प्रवास नावेने कर. भारतीय संग्रहालयात मात्र घाई नको. 1814 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत ममी पाहायला रांग लागते, आणि भारहूतच्या स्तूपाचा कोरीव दगडी कठडा जवळजवळ एकांतात उभा असतो. त्यावरच्या जातककथा खालून वर, एकेक चौकट करून वाच. पार्क स्ट्रीटची जुनी दफनभूमी, जी 1767 मध्ये सुरू झाली, ती ऊन तिरपे असताना, साधारण तीनच्या पुढे, पाहावी; एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे विल्यम जोन्स तिथे एका उंच मनोऱ्याखाली आहेत.

आता खाणे, ज्याविषयी तू यादीत फक्त ‘रसगुल्ला, बिर्याणी’ असे दोन शब्द लिहिलेस. दुपारचे जेवण एखाद्या पाइस हॉटेलात घे. तिथे केळीच्या पानावर वाढतात आणि प्रत्येक पदार्थाचे, काही ठिकाणी पानाचेदेखील, वेगळे पैसे लावतात. जेवण कडू चवीच्या शुक्तोपासून सुरू होते, मग डाळ आणि भाजी, मग मासा, आणि शेवटी गोड चटणी. सगळे एकदम भातावर कालवू नकोस. त्यांना ते आपल्याकडे श्रीखंडात आमटी ओतल्यासारखे दिसते. इलिश मागवलास तर हाताने खा, कारण त्याचे काटे केसासारखे असतात आणि चमच्याला ते सापडत नाहीत. सोबत कुणी शाकाहारी असेल तर ‘निरामिष’ हा शब्द पाठ कर. एक साहाय्य भाषेचेही: बंगालीत पाणीसुद्धा ‘खातात’, तेव्हा वाढप्याने पाणी खाणार का असे विचारले तर गोंधळू नकोस.

बिर्याणीतल्या बटाट्याला हसू नकोस. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह 1856 मध्ये कोलकात्यातल्या मटियाबुर्जला येऊन राहिला, त्याच्या मुदपाकखान्याशी ही बिर्याणी जोडली जाते. बटाटा काटकसरीने आला की हौसेने यावर वाद आहे, परंतु मसाल्यात मुरलेला तो अख्खा बटाटाच मला मांसाहून अधिक आवडतो. फुचका ही पाणीपुरी आहे असे तिथे म्हणू नकोस आणि संध्याकाळ होण्यापूर्वी खाऊही नकोस.

कॉलेज स्ट्रीटला दुपारी तीनला पोहोच, पुस्तके चाळ, परमाऊंटमध्ये शहाळ्याचे सरबत पी आणि अंधारताना कॉफी हाउसचा जिना चढ. ही जुनी अल्बर्ट हॉलची इमारत आहे. 1958 पासून कामगारांची सहकारी संस्था हे चालवते. बिनदुधाच्या कॉफीला तिथे ‘इन्फ्युजन’ म्हणतात. कॉफी सामान्य आहे, हे आधीच सांगतो. तिथे एकट्याने एक टेबल धरून बस आणि शेजारचा वाद ऐक. शब्द कळले नाहीत तरी कोण हरतो आहे ते कळते.

मिठाई शेवटच्या दिवसासाठी राखून ठेव. डिसेंबरात खजुरीचा नवा गूळ, ‘नोलेन गूर’, आलेला असतो आणि त्याचा ‘संदेश’, म्हणजे छेन्याची मिठाई, वर्षातून याच दिवसांत खरी मिळते. डब्यातला रसगुल्ला घरच्यांसाठी आण, तो टिकतो. संदेश मात्र गाडी सुटायच्या दोन तास आधी घे आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपव. मातीच्या मडक्यातले मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, पिशवीत घालू नकोस, हातातच धर. मी एकदा ते बॅगेत ठेवले होते, आणि नागपूर येईपर्यंत माझे दोन सदरे आणि एक बंगाली शब्दकोश गोड झाले होते.

परतल्यावर कळव. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
जुना शिक्षक