"मधली पाच वर्षं कुठं होतात?"

मी पोरांकडून नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेते. "मॅडम, गॅप कसा भरायचा?" हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतोच. गॅप म्हणजे शिक्षण आणि नोकरी यांच्या मधली रिकामी वर्षं. विचारणारी पोरं बहुतेक बीड, परभणी, जालना, हिंगोलीकडची. इंजिनिअरिंग झालं की पुणं, सदाशिव पेठेतली अभ्यासिका, मेसचा डबा, राज्यसेवेचा अभ्यास. दोन-चार वर्षांनी बॅग घेऊन परत, आणि मग इथे संभाजीनगरजवळ वाळूज नाहीतर शेंद्र्याला कंपनीत अर्ज. आमच्याकडे सरकारी नोकरी 'लागते', कंपनीत पोरगं नुसतं 'जातं'. या दोन क्रियापदांमधलं अंतर काही जणांना फार महागात पडतं.

गेवराई तालुक्यातला एक मुलगा, त्याला गणेश म्हणू. 2019 ला मेकॅनिकलमधून बीई. माझ्या सिडकोतल्या खोलीत आला तो 2024 च्या पावसाळ्यात, वडिलांना घेऊन. वडील खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "ताई, मपल्या पोराला कंपनीनं घेतलंय. पण ह्यो चार दिवस झाले जेवंना."

त्यांना बाहेर बसवलं तेव्हा गणेशने मोबाईल पुढे केला. एका मोठ्या कंपनीच्या एचआरचा मेल होता. ॲप्टिट्यूड, टेक्निकल आणि एचआर, तिन्ही राउंड झाले होते. आता तीन दिवसांत मागच्या नोकरीची कागदं हवी होती: रिलीव्हिंग लेटर, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर. मागची नोकरी नव्हतीच. कुणा 'कन्सल्टन्सी'वाल्याला पंधरा हजार देऊन त्याने दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र घेतलं होतं. त्यात तो एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रॉडक्शन इंजिनिअर होता.

टेक्निकल राउंडमध्येच त्याचा घसा कोरडा पडला होता. समोरच्या साहेबांनी अगदी सहज विचारलं, "शिफ्टला किती पीस निघायचे?" हा म्हणाला, "चारशे." "आणि रिजेक्शन?" हा गप्प. साहेबांनी पुढचा प्रश्न घेतला आणि हा पासही झाला. पण तो 'चारशे' त्याच्या कानातून जाईना.

"आता मी काय करू? खरं सांगितलं तर जाईल, नाही सांगितलं तर पकडतील."

खोटं बोलणं वाईट, हे त्याला माझ्याकडून ऐकायचं नव्हतं. ते त्याला चांगलंच माहीत होतं. म्हणून मी त्याला पडताळणी कशी चालते ते सांगितलं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ बंधनकारक असतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून कामगाराचे 12 टक्के कापले जातात, मालकालाही आपला वाटा भरावा लागतो. यूएएन एकच, जन्मभराचा. कुठल्या महिन्यात कुठल्या मालकाने पैसे भरले ते तिथे दिसतं. "वर्कशॉप छोटं होतं, पीएफ नव्हता" ही पळवाट कन्सल्टन्सीवाले शिकवतात. पण मग बँकेचं स्टेटमेंट मागतात. पगार रोखीत मिळायचा म्हटलं, तर वर्कशॉपला फोन लावतात. आणि रुजू झाल्यावर सापडला तर? फॉर्मच्या शेवटी, सहीच्या वर, एक वाक्य बहुधा असतंच: माहिती खोटी निघाल्यास केव्हाही काढून टाकता येईल. सही करताना ते कुणी वाचत नाही.

मग विचारलं, या पाच वर्षांत खरोखर काय केलंस?

"काहीच नाही."

हे 'काहीच नाही' मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर विश्वास ठेवत नाही. एकेक वर्ष मांडायला लावलं. पहिली दोन वर्षं पुण्यात. राज्यसेवेची पूर्व परीक्षा एप्रिल 2020 ची. ती पुढे ढकलत ढकलत 21 मार्च 2021 ला झाली. त्याआधी 11 मार्चला ती पुन्हा लांबली तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली, त्यात हाही होता. पूर्व निघाली नाही. मग गाव. मग बराच वेळ टेबलाकडे बघून म्हणाला, "दोन हंगाम मामाच्या जिनिंगवर होतो. पण ते काय कंपनीत सांगायचं?"

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना. तिथे काय करायचास? तर म्हणे, बेल्ट, बेअरिंग, रोलर. रोलरवरच्या चामड्याच्या चकत्या गुळगुळीत झाल्या की त्यांना पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, नाहीतर रुई धरली जात नाही आणि उत्पादन पडतं. बेअरिंग तापलं की आधी वास येतो, आणि कापसात ठिणगी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पाच मिनिटं तो न थांबता बोलत होता. दुसऱ्या खोट्या अनुभवाची गरजच नव्हती, फक्त या खऱ्याला पगाराची स्लिप नव्हती.

त्याच संध्याकाळी त्याने चार ओळींचा मेल पाठवला: अर्जात लिहिलेला अनुभव खरा नाही, तो मागे घेतो, फ्रेशर म्हणून विचार व्हावा ही विनंती. दोन दिवसांनी उत्तर आलं. उमेदवारी पुढे नेता येणार नाही.

त्याने मला फोन केला. "मॅडम, तुमचं ऐकलं अन् नोकरी गेली." पुढचे दोन महिने त्याने फोन उचलला नाही. मलाही रात्री वाटून गेलं, गप्प बसला असता तर निभावलं असतं का? काही जणांचं निभावतं, हे मी नाकारत नाही.

दिवाळीनंतर तो एकटाच आला. मग आम्ही फक्त बोलण्याचा सराव केला. गॅपबद्दल विचारताना एचआरला तुमच्या अपयशात रस नसतो. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. म्हणजे सत्ताविशीच्या पोराला ते दार अजून दहा-पंधरा वर्षं उघडंच. एचआरचा खरा प्रश्न असतो: राज्यसेवेची जाहिरात आली की हा पळणार का? मुलं उत्तर देतात ते आयोगाने किती छळलं याचं. गणेशचं उत्तर आम्ही चार वाक्यांवर आणलं. 2019 ला बीई. दोन वर्षं राज्यसेवा, पूर्व निघाली नाही. दोन हंगाम जिनिंगमध्ये मेंटेनन्स. आता फॉर्म भरणं थांबवलंय. हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोल, असं मी त्याला म्हणाले. त्यावर त्याने आठवडा घेतला. मला तो आठवडा सगळ्या सरावापेक्षा मोलाचा वाटला.

पुढची मुलाखत वाळूजला, एका सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, ट्रेनी म्हणून. तिथल्या साहेबांनी विचारलं, "उत्पादन पडलंय हे कळायचं कसं?" हा म्हणाला, "गठाणी मोजून. एक गठाण 170 किलोची. शिफ्टला किती बांधल्या ते फळ्यावर लिहिलेलं असायचं." त्यांनी मग रोलरबद्दलच बराच वेळ विचारलं. पगार आधीच्या ठिकाणापेक्षा कमी ठरला, आणि पहिले सहा महिने जवळजवळ नाईट शिफ्टच.

दोन महिन्यांनी त्याचा व्हॉट्सॲप आला. शब्द एकही नव्हता, पीएफच्या पासबुकाचा फोटो होता. एकच ओळ भरलेली, खाली सगळं कोरं.

वडील मात्र गावात अजून त्या पहिल्याच कंपनीचं नाव सांगतात.