टाचदुखीमुळे सकाळी परसात उभं राहून पक्षी बघवत नाहीत. चप्पल कोणती घ्यावी? की हा नादच सोडावा?

नाद का सोडायचा? बसून बघा की.

तुम्ही लिहिलंय की सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही, चार पावलं चाललं की जरा सैल होते, आणि बराच वेळ उभं राहिलं की पुन्हा ठणकायला लागते. म्हणजे बहुतेक प्लान्टर फॅसिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो टाचेला जिथे चिकटतो तिथलं दुखणं. रात्रभर पाऊल ढिलं पडलेलं असतं, पट्टा आखडतो, आणि उठल्या उठल्या सगळ्या अंगाचा भार त्याच्यावर पडतो. पंचाईत अशी, की पक्ष्यांचीही वेळ तीच. वसंतात दयाळ उजाडायच्या आधीपासून शेंड्यावर बसून गात असतो आणि आपण अजून पलंगाचा कठडा धरून उभे!

म्हणून पहिलं काम पलंगावरच करायचं. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, पायाची बोटं हाताने नडगीच्या दिशेने मागे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा, पट्टा ताठ लागला म्हणजे बरोबर जमलंय. दहापर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि त्यातली पहिली खेप पाय जमिनीला लावायच्या आत. 2003 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात नुसता पोटरीचा ताण घेणाऱ्यांपेक्षा हा ताण घेणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. पोटरीचा ताणही घ्याच, पण याच्या बदल्यात नको.

हे एवढं सविस्तर लिहितेय कारण आमच्या थोरल्या दिरांना यातलं काहीच मान्य नाही. माझ्या एक्स-रेमध्ये टाचेला वाढलेलं हाड दिसलं, तेव्हा त्यांचा सल्ला होता, "अगं, दगडावर टाच आपट, हाड झिजेल." हाड असं झिजत नसतं. शिवाय टाचेला काहीही दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्ये ते हाड असतंच. पण भावोजींचा खरा राग माझ्या खुर्चीवर. ते मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून पहाटे रानोमाळ हिंडणारे. "खुर्ची टाकून बघायला तो काय टीव्ही आहे?" हे त्यांचं वाक्य सगळ्या गोतावळ्यासमोर झालेलं आहे.

तर ऐका. मागच्या दाराशी माझी खुर्ची असते, पायाखाली बुटका स्टूल. जास्वंदीच्या एका लोंबत्या फांदीला शिंजीर या इवल्या पक्ष्याची मादी घरट्यासाठी कोळिष्टकं गुंडाळायला लागली. आधी नुसती जाळ्यांची लड, मग त्यात गवताच्या काड्या, सालपटं, अळीची वाळलेली विष्ठासुद्धा. हळूहळू त्याची लोंबती पिशवी झाली. मग तिने आत शिरून, अंग फुलवून ती आतून रुंद केली, आणि घरट्याच्या दाराच्या वर पावळीसारखा छोटा छज्जा काढला. नर काळा-जांभळा चकचकीत, वर तारेवर बसून नुसता गात होता. घरकामाला हात नाही. (यावर मी काही बोलत नाही, घरात वाचतात.)

भावोजी फोटो काढायला आले आणि फांदीपासून हातभर अंतरावर उभे राहिले. मादी तोंडात कापूस धरून कुंपणावर आली, चिटचिट करत इकडून तिकडे उड्या मारल्या, गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मी म्हटलं, "भावोजी, मागे येऊन बसा." ते म्हणाले, "घरटं सोडलेलं दिसतंय." आणि चहाला आत गेले. त्यांचा कप संपायच्या आत कापूस घरट्यात गेला होता. बसलेल्या, न हलणाऱ्या माणसाला पाखरं लवकर सरावतात. उभ्या, सारख्या पाय बदलणाऱ्या माणसाला नाही, आणि टाच दुखणारा माणूस सारखे पाय बदलतोच. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

बसण्यात एक मेख मात्र आहे. तासभर बसून एकदम उठलात की पहिलं पाऊल सकाळसारखंच कळवळवतं. म्हणून उठायच्या आधी खुर्चीतच बोटं ओढून घ्यायची. पक्षी समोर नसतो तेव्हा दुर्बीण मांडीवर ठेवून हेच करत बसा. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवा. पाखरांसाठी उथळ पाणी ठेवत असाल तर ते रोज बदला, आणि भांडं खुर्चीतून दिसेल असं ठेवा, म्हणजे उठबस वाचते.

चप्पल राहिलीच. टाचेखाली मऊ, मधल्या कमानीला आधार, आणि हाताने मधोमध दुमडली न जाणारी घ्या. सपाट पातळ सपाता टाकून द्या. फरशीवर अनवाणी अजिबात नको, घरातही. चालणं बंद करू नका, ठणकेल इतकं चालू नका. भावोजींसारखं "चालून चालून जिरवायचं" हे खूळ आहे.

आता जरा सबुरीचं. बहुतेकांचं हे दुखणं शस्त्रक्रियेशिवाय जातं, पण महिने लागतात, वर्षही जातं, तेव्हा पंधरा दिवसांत मला शिव्या घालू नका. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने चटकन आराम पडतो, पण क्वचित तो पट्टा तुटण्याचा धोका असतो, तेव्हा डॉक्टरांना नीट विचारून घ्या. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असेल तर बर्फाची बाटली वापरू नका. आणि टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल, सूज, बधिरपणा किंवा ताप असेल, झोपेतही ठणकत असेल, तर हे वाचत बसू नका, दाखवून या.